आधी रेघ, मग अक्षर

बडोदे संस्थानच्या काळातील मोडी कागद ज्यांच्या घरी एखाद्या पेटीत अद्याप जपून ठेवलेले आहेत, त्यांनी ते एकदा उजेडात धरून पाहावेत. अक्षर लागले नाही तरी चालेल, रेघा पाहाव्यात. देवनागरी लिहिताना आपण शब्द लिहितो आणि मग त्यावर शिरोरेषा देतो. मोडी लिहिणारा कारकून नेमके उलट करी. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो आधी रेघ ओढून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे त्या रेघेखाली टांगत जाई. मजकूर अजून लिहायचा असे. पण ओळी किती होणार, दोन ओळींत अंतर किती राहणार, मात्रांना वर आणि उकारांना खाली किती वाव हवा, हे कोऱ्या कागदावर आधीच ठरून गेलेले असे.

या जुन्या शिस्तीची आठवण आम्हांला झाली ती अगदी निराळ्या निमित्ताने. मोबाइलवरील समाजमाध्यमाचे कोणतेही ॲप उघडले की आरंभीचे एकदोन क्षण मजकूर दिसत नाही. दिसतात त्या फिक्या करड्या पट्ट्या: वर एक लहान वर्तुळ, त्याच्या शेजारी एक आखूड पट्टी, खाली दोनतीन लांब पट्ट्या आणि त्यांच्याखाली एक मोठा चौकोन. त्यांवरून एक मंद झळाळी डावीकडून उजवीकडे सरकत राहते. मग वर्तुळाच्या जागी कोणाचा तरी चेहरा येतो, आखूड पट्टीच्या जागी नाव, लांब पट्ट्यांच्या जागी चार ओळी आणि चौकोनात छायाचित्र. या पडद्यास स्केलेटन स्क्रीन, म्हणजे सांगाड्याचा पडदा, असे नाव आहे. सुरतेत आणि बडोद्यात संगणकाच्या कामात असलेली आपल्या घरांतील तरुण मुले असे पडदे रोज तयार करतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र, हे कोणीतरी विचार करून आखलेले आहे, याची कल्पनाही नसते.

या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास येथे मांडण्यामागे आमचा एक हेतू आहे. चलथाण, बारडोली, व्यारा, नवसारी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचे मराठी वाचन आता मोठ्या प्रमाणात मोबाइलवर येऊन ठेपले आहे. मुंबईची वर्तमानपत्रे उशिरा येत आणि ग्रंथालयाची पेटी महिन्याने फिरे, ते दिवस सरले. आता पुण्याच्या भाचीचे पत्र, नागपूरच्या व्याह्यांची खुशाली, एखादा ओवीचा अर्थ, सारे त्या काचेतूनच येते. त्या काचेवर आपल्या अक्षरांसाठी जागा कोण राखतो, कोणत्या मापाने राखतो आणि ती येईपर्यंत वाचकास काय दाखवतो, हा प्रश्न म्हणून आपलाही ठरतो.

वाट पाहणाऱ्या माणसास काही तरी दाखवावे, ही कल्पना संगणकाची नव्हे. आपल्या नाट्यगृहांतील तीन घंटा घ्या. पहिली वाजली की चहाचा पेला खाली ठेवावा, दुसरी वाजली की आत शिरावे, तिसरीला दिवे मंदावतात. पडदा अजून बंदच आहे, तरी आपण कोठवर आलो ते प्रेक्षकास समजते. लग्नातील अंतरपाटही तसाच. पलीकडे कोण उभे आहे हे दिसत नाही. परंतु मंगलाष्टके किती झाली आणि किती राहिली हे मोजता येते, त्यामुळे अक्षता मुठीत धरून उभी राहिलेली मंडळी फारशी चुळबुळ करीत नाहीत. (भटजींनी उत्साहाच्या भरात आणखी चार श्लोक वाढवले की चुळबूळ सुरू होते, हा अनुभव सर्वांनाच असेल.)

आकाशवाणीने हेच काम सुरांनी केले. सकाळी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जी संकेतधून वाजे ती वॉल्टर कॉफमन यांची रचना मानली जाते. मध्य युरोपातून आश्रयार्थ आलेले हे संगीतकार १९३० आणि १९४० च्या दशकांत मुंबई केंद्रावर होते. तंबोऱ्याच्या साथीने येणारी ती धून ऐकली की यंत्र चालू आहे, केंद्र बरोबर लागले आहे आणि कार्यक्रम आता येणार आहे, अशा तिन्ही गोष्टी एकदम कळत. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झाले; त्या सुमारास त्याला जे बोधचिन्ह मिळाले ते गुजरातेतलेच, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमधील देवाशिष भट्टाचार्य यांच्या हातचे. दोन वक्र आकार फिरत फिरत येतात आणि शेवटी डोळा तयार होतो. तो पूर्ण होईपर्यंत घरातले सगळे जागेवर बसलेले असत. आमच्या मते मोबाइलच्या आरंभीच्या पडद्याचा हाच खरा पूर्वज.

याच दूरदर्शनवर वाट पाहायला लावण्याची दुसरी तऱ्हाही होती. प्रक्षेपण तुटले की मुंबई केंद्रावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. हिंदीत ‘रुकावट के लिए खेद है’. सौजन्य होते, परंतु व्यत्यय दोन मिनिटांचा की दोन तासांचा याचा त्यात पत्ता नसे. दूरध्वनीवरील ‘आप कतार में हैं’ हा आवाजही त्याच जातीचा. रांगेत आहोत हे खरे. कितवे आहोत ते कोण सांगणार? चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या दारात गळीत हंगामात उभा असलेला गाडीवान या बाबतीत अधिक सुखी म्हणावा लागेल. पुढे किती गाड्या आहेत ते त्याला डोळ्यांनी दिसते, आणि वजनकाट्यापर्यंत पोहोचण्यास किती अवकाश आहे याचा अंदाज बांधून तो खुशाल गाडीखाली झोप काढतो.

हा फरक शास्त्रीय भाषेत मांडला गेला तो १९८५ साली. डेव्हिड मेस्टर यांनी त्या वर्षी रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो. किती थांबायचे हे माहीत नसले की थांबणे लांबते. कारण कळले नाही तर ते आणखी लांबते, ही त्यातील काही निरीक्षणे होत. त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातील ब्रॅड मायर्स या तरुण संशोधकाने संगणकाच्या पडद्यावरील प्रगतिपट्टीचा, म्हणजे काम किती टक्के झाले हे दाखवणाऱ्या पट्टीचा, अभ्यास प्रसिद्ध केला. काम तेवढाच वेळ घेत असले तरी अशी पट्टी समोर असणे लोकांना बरे वाटते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, रॉबर्ट मिलर यांनी संगणकाने किती वेळात उत्तर दिले म्हणजे माणसाचे लक्ष ढळत नाही याचे कोष्टक मांडले होते. पुढे १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी ते सुटसुटीत केले: सेकंदाचा दहावा भाग झाला तर उत्तर तत्काळ आले असे वाटते, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे वळतो. मोबाइलचे पडदे आखणारे आजही याच आकड्यांवर हिशेब मांडतात.

आंतरजाल भारतात सर्वसामान्यांस खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळातले न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, ज्यांनी वापरले त्यांना कोपऱ्यातील फिरती पृथ्वी किंवा उल्कांच्या वर्षावाखालचे ‘एन’ हे अक्षर आठवत असेल. पहिली खूण मोझाइकची, दुसरी नेटस्केपची. फिरणे चालू असेपर्यंत आशा धरायची, एवढाच तिचा अर्थ होता. त्यापेक्षा शहाणपणाची युक्ती चित्रांच्या एका जुन्या स्वरूपात दडलेली होती. १९८७ मध्ये आलेल्या गिफ या स्वरूपात चित्र चार फेऱ्यांत पाठवता येई. पहिल्या फेरीत दर आठवी ओळ यायची, पुढच्या फेऱ्यांत मधल्या ओळी भरत जायच्या. आठवा हिस्सा चित्र आले की समोर मंदिर आहे की माणूस, हे ओळखू येई. वरून खाली हळूहळू उलगडणाऱ्या चित्रात बराच वेळ आकाशच पाहावे लागते; येथे सबंध चित्र आधी धूसर दिसे आणि मग स्पष्ट होत जाई. संथ दूरध्वनीवाहिनीवर केलेली ही काटकसर तीस वर्षांनी मोबाइलवर पुन्हा अवतरली, ते पुढे येईलच.

मोबाइलने प्रश्न दोन प्रकारे अवघड केला. पडदा लहान झाला, आणि सर्वांचा पडदा एकसारखा राहिला नाही. पहिल्या आयफोनच्या काळात ॲप सुरू होताना दाखवायचे चित्र ३२० बाय ४८० बिंदूंचे, एकाच मापाचे असे. त्या चित्रावर आपले बोधचिन्ह मिरवू नये, ॲपच्या पहिल्या पानाची रिकामी चौकट दाखवावी, म्हणजे ॲप लवकर उघडल्यासारखे वाटेल, असा ॲपल कंपनीचा लेखी सल्ला होता. तो फारच थोड्यांनी मानला. फुकट मिळालेली जाहिरातीची जागा कोण सोडतो? २०१२ मध्ये उंच पडद्याचा आयफोन आला तेव्हा एक मौजेची गोष्ट घडली. ज्या ॲपमध्ये नव्या उंचीचे आरंभचित्र नव्हते, ते सबंध ॲपच वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून जुन्या मापात उघडे. आरंभीचा पडदा हीच ॲपच्या मापाची ग्वाही ठरली होती. पुढे मापागणिक वेगळे चित्र देण्याची पद्धत मोडीत निघाली आणि कोणत्याही पडद्यावर आपोआप ताणली जाणारी, आकसणारी चौकट आली. या विचाराला एका निबंधाने नाव दिले होते ते त्याआधीच, मे २०१० मध्ये. ईथन मार्कट यांनी त्यास ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हटले. ज्या पात्रात ओतावे त्याचा आकार घेणारी, असा अर्थ आपण लावू शकतो. ॲन्ड्रॉइडचे फोन शेकडो मापांचे, त्यामुळे तेथे तर याला पर्यायच नव्हता.

सांगाड्याचा पडदा हे नाव रूढ केले ल्यूक रोब्लेव्स्की यांनी, २०१३ मध्ये. पोलर नावाच्या त्यांच्या मतचाचणीच्या ॲपमध्ये त्यांनी जागोजागी फिरती चक्रे बसवली, आणि ॲप आता मंद झाले आहे अशा तक्रारी येऊ लागल्या. वेग पूर्वीइतकाच होता; चक्राने लोकांचे लक्ष घड्याळाकडे वळवले होते, एवढेच. तेव्हा चक्रे काढून त्यांनी पानाची रिकामी चौकट आधी दाखवण्यास आरंभ केला, म्हणजे नजर घड्याळावरून उठून येणाऱ्या मजकुरावर जाते. फेसबुकने २०१४ मध्ये त्या चौकटीवरून सरकणारी झळाळी घडवणारी आपली संहिता सर्वांस खुली केली, आणि दोनचार वर्षांत जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये ती दिसू लागली.

यानंतरच्या प्रकरणात आपला देश येतो. २०१५ च्या जूनमध्ये फेसबुकने ‘लाइट’ ही हलकी आवृत्ती काढली. साधे फोन आणि संथ जाळी असलेले देश डोळ्यांसमोर ठेवून ती बेतलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘टूजी मंगळवार’ सुरू केला. मंगळवारी सकाळी ॲप उघडणाऱ्यास विचारले जाई: तासभर टूजीच्या वेगाने वापरून पाहता का? कॅलिफोर्नियात बसून भारतातील खेड्याचा वेग अनुभवण्याची ही तऱ्हा आम्हांला प्रामाणिक वाटते. त्याच सुमारास त्यांच्या अभियंत्यांनी छायाचित्राची जागा रिकामी राहू नये म्हणून एक धूसर प्रतिमा अवघ्या २०० बाइटमध्ये बसवली. सर्व चित्रांना समान असलेला आरंभीचा भाग ॲपमध्ये आधीच ठेवून द्यायचा, वेगळे तेवढेच पाठवायचे आणि फोनवर ते पुसट करून पसरायचे. गिफच्या पहिल्या फेरीचेच हे नवे रूप. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि वेगाचे गणित बदलले. पण त्या वेळेपर्यंत सांगाड्याच्या पडद्याची वहिवाट पडून गेली होती.

येथवरच्या हकिगतीत सगळे मोजमाप रोमन लिपीचे आहे. देवनागरीचा संगणकावरचा प्रवास याला समांतर चालला होता आणि दोन्ही वाटा बराच काळ एकत्र आल्या नाहीत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोजवर आपण जो मंगल फाँट वर्षानुवर्षे पाहिला तो मुंबईचे सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. घरातल्या संगणकावर मराठी दिसू लागले, परंतु मोबाइलवर ते पुष्कळ उशिरा आले. २०१०–११ च्या अनेक ॲन्ड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. चौकोनांचीच रांग, आणि ती कधीही भरत नसे. ज्यांना वाचायचेच होते त्यांनी ऑपेरा मिनी या न्याहाळकातील एक आडबाजूची सोय शोधून काढली: जोडाक्षरी लिपींसाठी अक्षरांऐवजी अक्षरांची चित्रे मागवण्याची. दूरच्या यंत्रावर मजकूर रंगवून त्याचे चित्र फोनवर येई. जाड, दातेरी, पण वाचता येणारे मराठी. त्या चित्रांची वाट पाहत पुष्कळांनी आपल्या भाषेतले पहिले पान मोबाइलवर वाचले.

मग २०१५ मध्ये शेअरचॅट आले. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तिघा तरुणांचे हे समाजमाध्यम इंग्रजीला वगळूनच निघाले, आणि आरंभीच्या भाषांत मराठी होती. पुढे २०२० मध्ये निघालेले कू हे ॲप २०२४ मध्ये बंदही पडले, शेअरचॅट टिकले. येथे प्रथमच मराठी ही अनुवाद करून मागाहून चिकटवलेली भाषा राहिली नाही. वापरणारा मनुष्य पहिल्यांदाच आंतरजालावर येत असेल, त्याचा फोन स्वस्त असेल, जाळे कधी असेल कधी नसेल, हे गृहीत धरूनच असे ॲप आखावे लागते. अशा माणसासमोर पांढराफटक पडदा दोन क्षण राहिला तर तो ‘फोन बिघडला’ असे समजून बंद करतो. करड्या पट्ट्या म्हणजे ‘येत आहे’ हा संकेत त्याला कोणी शिकवलेला नसतो. तो पाहून पाहून शिकतो, जसे आपण तिसऱ्या घंटेचा अर्थ शिकलो.

देवनागरीची अडचण कोठे येते, ते जरा बारकाईने पाहू. ‘चलथाण’ हे नाव रोमन लिपीत लिहिले तर आठ अक्षरे, आठ बाइट. देवनागरीत च, ल, थ, काना, ण अशी पाच चिन्हे. परंतु प्रत्येकास तीन बाइट, म्हणून पंधरा. हा भार ऐकायला दुप्पट वाटतो, प्रत्यक्षात एका छायाचित्रापुढे तो नगण्य आहे, त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. फाँटचा भार मात्र खरा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये शेकडो आकृत्या लागतात, आणि फोनमध्ये असलेला फाँट सोडून ॲपने किंवा पानाने स्वतःचा फाँट मागवला की तो येईपर्यंत मजकूर लपवून ठेवला जातो. प्रमुख न्याहाळक तीन सेकंदांपर्यंत तो लपवतात, नंतर पदरचा फाँट देतात आणि मागवलेला येताच पुन्हा बदलतात. दोन्हींची अक्षरे सारख्या रुंदीची नसल्याने ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि वाचता वाचता सबंध मजकूर खाली सरकतो.

या सरकण्याला गूगलने २०२० मध्ये एक मोजमाप दिले. पान येत असताना त्यातले घटक किती दचकतात याचा गुणांक काढायचा, तो ०.१ च्या आत असावा. सांगाड्याचा पडदा नीट आखला तर हा गुणांक जवळजवळ शून्य राहतो, कारण जागा आधीच राखलेली असते. पण जागा कोणाच्या मापाने राखली? रोमन अक्षरांना पुरेल एवढ्या उंचीची पट्टी काढली आणि तीत ‘कर्तृत्व’ किंवा ‘बडोद्याच्या’ असा शब्द आला तर काय होते? वर रफार आणि मात्रा, खाली ऋकार आणि जोडाक्षराचा पाय. एकतर ओळ उंच होते आणि खालचे सगळे ढकलले जाते, नाहीतर मात्रा कापली जाते. दोन्ही प्रकार आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत, आणि अनुस्वार कापला गेल्यामुळे अर्थ बदललेलेही.

यावर ॲन्ड्रॉइडने पूर्वी जो तोडगा काढला तो आम्हांला उद्बोधक वाटतो. चौकटी मोठ्या करण्याऐवजी लिपीच आखूड केली. नोटो या फाँटसंचात देवनागरीसह अनेक लिपींची एक दाबलेली आवृत्ती आहे. रोमनसाठी आखलेल्या बटणांत आणि पट्ट्यांत मावावी म्हणून तिची उंची कमी केलेली. गुजराती, तमिळ, कन्नड, तेलुगू अशा कितीतरी लिपी ॲन्ड्रॉइडवर वर्षानुवर्षे अशा दाटीवाटीने बसत आल्या. २०२४ च्या ॲन्ड्रॉइड १५ पासून नव्या ॲपांत गुजरातीसारख्या लिपींना त्यांची पूर्ण उंची आपोआप मिळू लागली. पाहुण्यास दाराची उंची पाहून वाकून यायला सांगायचे, की दार उंच करायचे, एवढाच हा प्रश्न होता आणि त्याला बरीच वर्षे लागली.

सुरत जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या घरांना यात आणखी एक गंमत दिसेल. गुजराती लिपीस शिरोरेषा नाही, मराठीस आहे. एकच फोन, एकच ॲप. घरातली एक व्यक्ती ते गुजरातीत वापरते, दुसरी मराठीत. दोघांना सारखीच करडी पट्टी दिसते. पट्टी ही मुळात इंग्रजी ओळ दुरून पाहिल्यावर जशी दिसते तिची सावली आहे. मराठी ओळ दुरून पाहिली तर आधी दिसते ती वरची रेघ. मग आपल्या भाषेच्या पडद्यावर, मापाने उंच अशी फिकी पट्टी आणि तिच्या माथ्यालगत थोडी गडद रेघ का असू नये? कोणी असे केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ही सूचना केवळ आमची आहे. मोडी कारकुनाला तरी ती ओळखीची वाटली असती. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, तेव्हा तो बिचारा आता अगदीच परका राहिलेला नाही.

असे पडदे आखणाऱ्या मुलांस आम्ही एक परीक्षा सुचवू. ती कार्यालयातल्या वेगवान जाळ्यावर होणार नाही. चलथाण स्थानकावर भुसावळच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसावे. ताप्ती व्हॅली रेल्वेचा हा मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला आणि खानदेशातील किती कुटुंबे त्या वाटेने इकडे आली, हे या अंकाच्या वाचकांस सांगणे न लगे. पूर्वी या वाटेवर गायकवाडांचा नवसारी प्रांत आणि इंग्रजी मुलूख आलटून पालटून लागे. पलसाणा गायकवाडी, बारडोली इंग्रजी, पुढे व्यारा आणि सोनगड पुन्हा गायकवाडी. आता मुलूख बदलत नाही, जाळे बदलते. सोनगडच्या पुढे डोंगर जवळ येतात, खांब विरळ होतात आणि मग नवापूर लागते. या स्थानकाच्या मधून गुजरात-महाराष्ट्राची सीमा जाते आणि तेथल्या घोषणा चार भाषांत होतात. या प्रवासात ॲप उघडे ठेवून पाहावे की आपला पडदा कोठे अडतो, किती वेळ अडतो आणि अडला असताना काय म्हणतो.

झळाळी दहा सेकंदांहून अधिक काळ चालत राहिली तर ती खोटी होते. अशा वेळी जाळे नाही हे स्पष्ट सांगावे, आणि पूर्वी आलेला मजकूर फोनमध्ये असेल तर तो दाखवावा. फेसबुकने २०१५ च्या अखेरीस हे करून पाहिले होते. जुने पत्र पुन्हा वाचायला मिळाले तर कोणाचे काही बिघडत नाही. प्रगतिपट्टीही अनेक ठिकाणी खोटी असते. काम किती झाले याचा तिला पत्ता नसतो, ती नव्वद टक्क्यांपर्यंत सुखाने धावते आणि तेथे ठाण मांडते. इन्स्टाग्रामची युक्ती याहून सरळ होती: आपण छायाचित्राखाली ओळ लिहीत असतानाच ते चित्र मागच्या मागे पाठवायला सुरुवात करायची, म्हणजे ‘पाठवा’ म्हणेपर्यंत बरेच काम उरकलेले. वाट पाहण्याला सजवण्यापेक्षा ती कमी करणे केव्हाही श्रेष्ठ.

सजावटीत एक धोकाही आहे. पान खाली ओढून सोडले की नवे येते, ही करामत लोरेन ब्रिक्टर यांनी २००९ मध्ये ट्वीटी या ॲपसाठी केली. ओढावे, क्षणभर थांबावे, काहीतरी नवे निघावे. हे जुगाराच्या यंत्रासारखे माणसाला चिकटवते, याची खंत पुढे त्यांनी स्वतःच बोलून दाखवली. समाजमाध्यमाचा धंदा आपल्या तेथे राहण्यावर चालतो, तेव्हा प्रतीक्षेचा पडदा वाचकाच्या सोयीसाठी आहे की त्याला उठू न देण्यासाठी, हे प्रत्येक वेळी पाहावे लागेल.

वयस्क वाचकांच्या दृष्टीने दोन गोष्टी राहिल्या. सरकणाऱ्या झळाळीने काहींना गरगरते. ॲपलने २०१३ मध्ये हालचाल कमी करण्याची सोय फोनमध्ये दिली, ॲन्ड्रॉइडवरही ती आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती घरातल्या मुलाकडून लावून घ्यावी. ती लावल्यावर चांगल्या ॲपमधील पट्ट्या स्थिर राहतात, वाईट ॲपमध्ये झळाळी तशीच चालू राहते. कोण कसे आहे हे त्यावरून लगेच कळते. दुसरी गोष्ट अक्षरांच्या आकाराची. आपल्यापैकी अनेकांनी अक्षरे मोठी करून घेतलेली आहेत, पण पट्ट्या लहानच येतात आणि मजकूर आला की पान पुन्हा उडी मारते. आणि ज्यांना दिसतच नाही, फोन ज्यांना वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी पडद्यावर कितीही सुंदर पट्ट्या असल्या तरी कानाला शांतताच असते. तेथे ‘मजकूर येत आहे’ एवढे तीन शब्द, मराठीत, कोणीतरी लिहून ठेवावे लागतात. अनेक ठिकाणी ते अद्याप इंग्रजीतच उच्चारले जातात.